तीळ होते, असं मी म्हणाले

इस्माईलभाई,

तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले. आपल्या जुन्या लॅबवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी तुमच्याबद्दल लिहिलं. कुणी तुमच्या हातच्या बिर्याणीबद्दल, कुणी तुमच्या चष्म्याच्या दोरीबद्दल, कुणी तुम्ही पाइपेट हातात धरून गझल गुणगुणायचात त्याबद्दल. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोन उपडा ठेवला. नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाईला दोन ओळी लिहिता येऊ नयेत, याचं लोकांना नवल वाटलं असेल. पण लिहायला घेतलं की पहिलंच वाक्य खोटं उतरत होतं. म्हणून ग्रुप राहू दे, हे तुम्हालाच लिहिते.

मी सौदीत, बुरैद्याला आले तेव्हा मला वाटायचं, रिपोर्ट म्हणजे मशीनमधून आलेला आकडा. कऱ्हाडच्या खाजगी लॅबमध्ये आठ वर्षं साखर नि कोलेस्टेरॉल मोजत होते, दुसरं काय वाटणार? पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला लाल पट्टीच्या फ्रीजपुढं उभं केलंत आणि म्हणालात, "बाय, ह्यात आजारी माणसाचं रक्त नाय. ह्यात आरोपीचं रक्त हाय. आजाऱ्याचा रिपोर्ट डॉक्टर बघतो, चुकला तर परत तपासतो. आरोपीचा रिपोर्ट काझी बघतो. तो परत तपासत नाय." मला 'बाय' म्हणणारं त्या गावात दुसरं कुणी नव्हतं. रत्नागिरीकडचा माणूस आणि कऱ्हाडची बाई, दोघांना एकमेकांचं मराठी जरा विचित्रच वाटायचं, पण भांडायला ते पुरलं.

आणि भांडलो तरी किती! सर्वांत मोठं भांडण सीलवरनं झालं, आठवतंय? अपघातातल्या एका माणसाच्या रक्ताची बाटली आली होती. सील होतं, पण सीलवर घेणाऱ्याची सही नव्हती. मी घाईत मशीनला लावून मोकळी झाले. दारूचा मागमूसही नव्हता. रिपोर्ट गेला असता तर संध्याकाळपर्यंत तो माणूस घरी. तुम्ही नमुना नामंजूर केलात. तो बिचारा आणखी चार दिवस कोठडीत बसला, आणि मी तुमच्याशी चार दिवस बोलले नाही. "तुम्हाला माहीत आहे ना तो निर्दोष आहे?" असं मी ओरडले होते, त्या सुदानी डॉक्टरांसमोरच. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला माहीत हाय की त्या बाटलीतलं रक्त निर्दोष हाय. ते त्याचंच हाय हे कुणाला माहीत हाय?"

मला तेव्हा वाटलं, हा माणूस कागदाचा गुलाम आहे. नंतर कळलं की तुम्ही कागदाचे नव्हतात आणि मशीनचेही नव्हतात. या दोघांच्या मध्ये एक माणूस असतो, त्याच्याकडं तुमचं लक्ष असायचं. मशीनला एक रेघ ठरवून दिलेली असते. अंश रेघेच्या वर असला की पॉझिटिव्ह, खाली असला की निगेटिव्ह. मी म्हणायचे, रेघ हवीच, नाहीतर प्रत्येक जण आपल्या मर्जीनं ठरवील. तुम्ही म्हणायचात, रेघ हवी, कबूल, पण रेघेला खेटून जो उभा आहे तो तिथं कसा आला हे विचारायची सोय हवी. हे भांडण आपलं कधीच मिटलं नाही. मला वाटतं, तुम्हालाही ते मिटायला नको होतं. चहाला तेवढाच विषय.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

सहा वर्षांपूर्वी सगळीकडं सौदीकरणाचाच धसका होता. मोबाईलच्या दुकानांत आता फक्त सौदी माणसं, असा नियम झाला आणि आमच्या यांची नोकरी गेली. घर माझ्या एकटीच्या पगारावर आणि इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर आलं. आपल्या लॅबमध्येही दर दोन-तीन महिन्यांनी एक यादी यायची, कुठल्या जागा स्थानिकांना द्यायच्या त्याची. ती आली की आम्ही बायका आधी एकमेकींचे चेहरे बघायचो, मग यादी. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, देश त्यांचा, मुलंमुली त्यांची, शिकलेली. तुम्ही तर त्या नव्या सौदी मुलीला, नूफला, स्वतः शिकवत होतात, ती तुमच्याच खुर्चीवर बसणार हे माहीत असून. पण मी घाबरले होते. मुलगा दहावीला होता. माझं करारपत्र दिवाळीनंतर नव्यानं व्हायचं होतं.

आणि त्याच दिवाळीला मी सुट्टीवरून अनारसे घेऊन आले.

आईनं केले होते. तांदूळ तीन दिवस भिजवून, कांडून, गूळ घालून, मुरवून. एका बाजूला खसखस, साजूक तुपात तळलेले. खसखस या देशात आणायला बंदी आहे हे मला माहीत होतं. आपल्या लॅबमध्ये त्याचं कारणही सगळ्यांत चांगलं मलाच माहीत होतं, हसू नका. पण पुडीतली खसखस वेगळी आणि अनारशाला चिकटलेली वेगळी, असा सोयीचा कायदा मी विमानतळावरच काढला. बॅग तपासणाऱ्यानं डबा उघडला, वास घेतला, "हलवा?" म्हणाला आणि यल्ला म्हणून पुढं ढकलला. मला फार शहाणं वाटलं स्वतःला.

दोन डब्यांतला एक मी तुम्हाला दिला. तुम्हाला मधुमेह. तुम्ही डबा उघडूनसुद्धा पाहिला नाहीत, "भाभीला देतो" म्हणालात. तेवढ्यात युसुफ आला, नमुने न्यायला. दर आठवड्याला आपले सीलबंद नमुने रियाधला पोचवणारा, तुमच्या खाडीपलीकडल्या गावचा. तुमच्याच शब्दावर कंपनीनं त्याला घेतलं होतं. तो त्या दिवशी जेवला नव्हता आणि पुढं साडेतीन तासांचा रस्ता. तुम्ही डबा त्याच्या हातात दिलात. "घे, घरचं हाय, वाटेत खा," असं काहीतरी म्हणालात. मी तिथंच होते. मला वाटलं, सांगावं का? मग वाटलं, एवढ्यातेवढ्याचं काय. त्यानं वाटेत आणि रियाधला अल सुलैच्या ट्रक यार्डात मुक्कामाला मिळून डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी तो परतला आणि कंपनीनं सगळ्या ड्रायव्हरांची अचानक तपासणी लावली. नमुने आपल्याकडंच आले. युसुफची लघवी मॉर्फिनला पॉझिटिव्ह.

इस्माईलभाई, त्या नमुन्याचे कागद मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते. घेताना कोण होतं, सील कुणी केलं, किती वाजता फ्रीजमध्ये गेला, सगळ्याच्या सह्या. इतका चोख कागद आपल्याकडं क्वचित यायचा. आकडा रेघेच्या जरासाच वर. रियाधच्या मोठ्या प्रयोगशाळेनंही मॉर्फिन आहे असंच कळवलं. असणारच. खसखस अफूच्याच बोंडातली, तिच्यात ते थोडं असतं, आणि तळल्यावरही सगळं जात नाही. मशीन खरं बोलत होतं. सील खरं बोलत होतं. खोटं बोलायचं काम माझ्याकडं आलं.

कंपनीनं त्याला पोलिसांच्या हवाली केलं, आणि तुम्ही दोनदा तिथं गेलात त्याला भेटायला. दुसऱ्यांदा परत आलात तेव्हा मी स्लाइड धूत होते. तुम्ही माझ्या बाजूला उभे राहिलात आणि अगदी हळू विचारलंत, "बाय, त्या अनारशांना वरनं काय लावलेलं?"

मी म्हणाले, "तीळ."

नळ चालू होता. तुम्ही म्हणालात, "तीळ."

मी म्हणाले, "हो, आई तीळच लावते."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि नळ बंद केलात, माझ्या हातातल्या स्लाइड अजून धुवायच्या होत्या तरी. मी तो नळ परत चालू केला. मला वाटलं, तुम्हाला पटलं. सहा वर्षं मी हेच धरून बसले की तुम्हाला पटलं होतं, तुम्ही डबा उघडलाच नव्हता, तुम्हाला कळणार कसं? आपली मायमराठी म्हणते, मिठाची गुळणी धरली. मी तर गुळणीही धरली नाही, सरळ बोलले.

मग तुम्ही फॉर्मवर लिहिलंत. निकालाच्या रकान्यात पॉझिटिव्ह, आणि खाली समासात, बारीक अक्षरात: अंश मर्यादेच्या किंचित वर, खाद्यपदार्थातून येण्याची शक्यता आहे, हेरॉइन घेणाऱ्यात न सापडणारा पण खसखस खाणाऱ्यात सापडू शकणारा एक घटक आहे, त्याची तपासणी व्हावी. आपले मुदीर, लॅबचे प्रमुख, फॉर्म घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "इस्माईल, यावर शेऱ्याला जागा नाही. शेरा असलेला फॉर्म कोर्ट परत पाठवतं. त्यांना आहे की नाही एवढंच हवंय. खलास." तुम्ही म्हणालात, "आहे, पण." ते म्हणाले, "'पण' हे वकिलानं म्हणायचं. तो म्हणेल, कुठला पदार्थ? आहे तुझ्याकडं पदार्थ?"

तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत. त्या खोलीत पाहण्यासारखी मी एकटीच होते, आणि तुम्ही खिडकीकडं बघत राहिलात.

तुम्ही कोऱ्या समासाच्या फॉर्मवर सही केली नाहीत. तुमच्याऐवजी दुसऱ्या तपासनिसाची सही लागत होती. मुदीरनी फॉर्म माझ्यापुढं ठेवला. मी केली. स्वच्छ, पूर्ण नाव, वळणदार. नंतर स्वच्छतागृहात जाऊन उलटी केली, पण सही आधी केली.

युसुफला चार महिने आत ठेवलं आणि मग कायमचं परत पाठवलं. बोटांचे ठसे आखाताच्या कुठल्याच विमानतळावर आता चालणार नाहीत. त्याची दोन लहान मुलं आणि अर्धं बांधलेलं घर होतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत, आधी कधीतरी, सहज. पुढच्या यादीत तुमचं नाव आलं. कारण सौदीकरण. खरंही असेल, खोटंही असेल, कुणी विचारायचं? माझं करारपत्र नव्यानं झालं. मुलाची दहावी झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे आपण लहानपणी निबंधात लिहायचो. चोराला मुदतवाढसुद्धा मिळते, हे तेव्हा शिकवत नव्हते.

तुमच्या निरोपाला नूफ रडली. तुम्ही तिला तुमचा जुना मायक्रोस्कोपचा लेन्स-पेपर दिलात, काय तर भेट! मला तुम्ही काही दिलं नाहीत, फक्त म्हणालात, "पोराला शिकव. घाबरू नकोस उगाच." मी त्या वाक्याचा अर्थ आज लावते आहे. तेव्हा वाटलं, सौदीकरणाच्या यादीबद्दल म्हणताय.

एक चांगलं घडलंय ते सांगते. फॉर्मवर आता शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा आहे. नूफनं भांडून आणली, तुमच्या खुर्चीवर बसून, वर्षभर पत्रं लिहून. ती नव्या मुलींना सांगते, आकडा लिहा, नुसता शब्द लिहू नका, हे मला माझ्या हिंदुस्थानी उस्तादांनी शिकवलं. मुली मला विचारतात, तुम्ही पण त्यांच्याच शिष्या ना? मी हो म्हणते. तुमच्याकडून मी जे जे शिकले ते सगळं माझ्या हातात आहे, इस्माईलभाई. नमुना कसा धरायचा इथपासून ते माणसाशी अरबीत मऊ कसं बोलायचं इथपर्यंत. त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे, आणि हे लिहिताना मला खरंच रडू येतंय. पण रडण्यावर माझा फारसा विश्वास नाही. उलटीचं तर सांगितलंच.

चौथ्या दिवशी मी भाभींना फोन केला. त्या शांत होत्या. कोण कोण आलं, कुठून कुठून आलं ते सांगत होत्या. मग म्हणाल्या, "खाडीपलीकडनं अर्धा गाव आला. एक युसुफ नाय आला. येणार कसा गो? ह्यांच्याशी सहा वर्षं बोलला नाय."

मला कळेना. तुमच्याशी? तुम्ही तर त्याच्यासाठी नोकरी घालवलीत.

"ह्यांनीच त्याला सांगितलान ना," भाभी म्हणाल्या. "तो आत बसून वेडा झालेला, मी काय खाल्लं, मी काय खाल्लं. बारीक पांढरे दाणे होते, दातात अडकत होते, म्हणाला. ह्यांनी सांगितलान, खसखस होती, आमच्या घरातली. मग तो म्हणाला, चला, कोर्टात सांगा. ते नाय सांगितलान. त्याला वाटलं, आपल्या जिवाला भिऊन ह्या माणसानं मला सोडला."

भाभींनी मागं कुणाला तरी चहा द्यायला सांगितला. मग परत फोनवर आल्या.

"मला अनारसे येतच नायत, बाय. मी कधी केलेच नाय. मी ह्यांना विचारलं, असं का सांगितलंत? म्हणाले, त्याला कुणाचं तरी नाव हवं होतं. आणि कोर्टात का नाय? तर म्हणाले, मीपण घाबरलो." मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "डबा तुझाच ना गो?"

मी हो म्हणाले. सहा वर्षांनी, पहिल्यांदा. त्या रागावल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, तुमच्यासारखंच.

तुम्ही त्याला दोनदाच भेटला होतात, म्हणजे तुम्ही सिंकपाशी आलात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही विचारायला आला नव्हतात, तुम्ही मला एक संधी द्यायला आला होतात, आणि मी आईच्या नावानं शपथेसारखं खोटं बोलले. आणि तरी त्याला तुम्ही माझं नाव दिलं नाहीत. आणि तुम्हीही घाबरलात. हे कळून मला क्षणभर बरं वाटलं, म्हणजे मी एकटीच नव्हते असं, आणि बरं वाटल्याची इतकी लाज वाटली की मी फोन ठेवून स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. मुलगा विचारत होता, "मम्मी, व्हॉट हॅपन्ड?" त्याला काय सांगू? तुझी दहावी कशी झाली ते?

तुम्ही सुद्धा काही देव नव्हतात. हे मी तुमच्यावर रागावून लिहिते आहे. का नाही मला झापलंत? एकदा त्या नळापाशी माझा हात धरून म्हणायला हवं होतंत, खोटं बोलतेस. मी कदाचित कबूल केलं असतं. कदाचित नसतं. तुम्ही मला ते कळूच दिलं नाहीत, आणि तुमच्या सभ्यपणाची किंमत तुम्हाला आणि युसुफला मोजावी लागली, मला नाही. नमुन्यावरची एक सही राहिली तर चार दिवस अडून बसणारा माणूस माझ्या एका शब्दावर अडला नाही. याचं उत्तर मला हवं होतं. आता मिळायचं नाही.

काल दुपारी मी युसुफला फोन लावला. नंबर भाभींनी दिला. तो माशांचा टेम्पो चालवतो, मागं इंजिनाचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं. म्हणाला, "बोला ना मॅडम, सगळे बरे?" त्यानं सगळे बरे असं विचारलं हे फार अवघड गेलं. मी ठरवलं होतं तसं एका दमात सांगितलं. डबा माझा होता. खसखस माझ्या आईच्या घरची होती. इस्माईलभाईंनी डबा उघडलाच नव्हता, तुम्हाला देताना त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी तीळ म्हणाले. फॉर्मवर सही माझी आहे. तुम्हाला हवं तिथं, हव्या त्या भाषेत हे लिहून देते, त्यानं माझं जे व्हायचं ते होऊ दे.

तो म्हणाला, "थांबा, गाडी बाजूला घेतो."

इंजिन बंद झालं. मी शिव्यांची वाट बघत होते. खरं सांगते, मला त्या हव्या होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "माझी रोजची लाइन त्यांच्या दारावरनं जाते. ते पडवीत बसलेले असायचे. गाडी दिसली की हात वर करायचे, रोज. मी मान पण वळवली नाय. सहा वर्षं." मग टेम्पोचं दार उघडल्याचा आवाज आला, तो खाली उतरला असावा. "मय्यतीला पण नाय गेलो मी."

मी "युसुफभाई" एवढंच म्हणाले.

"लिहून बिहून नंतर बघू," तो म्हणाला. "तुम्ही मला एवढं सांगा, त्यांची कबर कुठल्या अंगाला हाय?"

मला तेही सांगता आलं नाही, इस्माईलभाई.